चहाडखोर गाडीची कबुली

मित्रांनो, मी एक जुनी, विजेवर चालणारी मोटारगाडी आहे. माझं वय बारा वर्षं. रंग मूळचा आकाशी होता. आता कुठला आहे, ते उन्हाला विचारा. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की बहुतेक वेळा 'मी एवढी राबले आणि माणसांनी मला अडगळीत टाकलं' अशी तक्रार करतात. माझीही तशीच तक्रार असती तर किती बरं झालं असतं! ताठ मानेनं सांगितली असती. पण माझं उलटं आहे. माझी माणसं चांगली होती. चुकले ती मी. मी चहाडी केली, तीसुद्धा अर्धी केली, आणि त्यामुळे एका कारागिराचा आपल्या हातांवरचा विश्वास उडाला. हे ओझं माझ्या डिकीत मावत नाही, म्हणून तुमच्यापुढे उतरवते आहे.

माझा जन्म एका लांबलचक, झाडूनपुसून लख्ख ठेवलेल्या कारखान्यात झाला. तिथे माणसं थोडी आणि यंत्रांचे हात फार. चाकं बसण्याआधीच मला वळण लावण्यात आलं. सगळ्यात कडक नियम खिटीचा होता. खिटी म्हणजे काय ते नीट ऐकून ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. चार्जिंगची तार माझ्या डाव्या कुशीतल्या खाचेत खोचली की आतून करंगळीएवढी एक पिन सरकते आणि तार घट्ट धरून ठेवते. येता-जाता कोणी तार ओढली तर ठिणगी उडू नये, म्हणून ही सोय. ती पिन पुरती बसल्याची खात्री झाल्याशिवाय विजेचा थेंबही आत घ्यायचा नाही, हे माझ्या अंगात भिनवलेलं आहे. कंपनीच्या कागदांत त्या पिनेला हातभर लांब नाव आहे. खिटी हे नाव मामांनी ठेवलं. मामा कोण, ते येईलच पुढे.

दुसरा नियम असा, की रोज संध्याकाळी सहा वाजता दिवसभरात काय काय झालं ते कंपनीला कळवायचं. किती धावले, कुठे ब्रेक लागला, कुठलं झाकण उघडलं, सगळं. बिनतारी पत्रच म्हणा ना. आणि या नियमाच्या शेपटीला आणखी एक बारीक नियम बांधलेला होता: जे मर्यादेत आहे त्याची मालकापुढे वाच्यता करायची नाही. पडद्यावर हिरवी खूण दाखवायची आणि गप्प बसायचं. सासरचं सगळं माहेरी सांगायचं आणि सासरी मात्र तोंड मिटून गोड हसायचं, अशी मी सून होऊन बाहेर पडले. तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

मला घेतलं ते ताईनं. ताई चष्मे करते. दुकानात बसून नव्हे. ज्या म्हाताऱ्या माणसांना दुकानापर्यंत येववत नाही, त्यांच्या घरी जाऊन ती डोळे तपासते आणि पंधरा दिवसांनी तयार चष्मा घेऊन पुन्हा जाते. माझ्या डिकीत एक लाकडी पेटी असायची आणि तिच्या खाचाखाचांतून दोनशे साठ भिंगं. खड्डा आला की ती किणकिणायची, आणि ताई मला म्हणायची, "हळू गं बाई, काचेचा संसार आहे." टेकडीपलीकडच्या सात गावांत आमची वाट बघितली जायची. मला इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे मी अगदी दाराशी येऊन उभी राहिले तरी कोणाला पत्ता लागायचा नाही. मग ओट्यावर बसलेले एखादे आजोबा दचकून म्हणायचे, "ही बया मांजरीच्या पावलांनी येते!" एका निवृत्त शिक्षिकेनं नवा चष्मा नाकावर ठेवला आणि खिडकीतून माझ्या पाटीवरचा नंबर मोठ्यानं वाचून स्वतःच स्वतःला शाबासकी दिली. एक शिंपी आजोबा सुईत एका दमात दोरा ओवून सगळ्या गल्लीला दाखवत फिरले. त्या दिवसांत माझी चाकं जमिनीला लागत नव्हती.

मामा म्हणजे ताईचे सख्खे मामा. गावात चाळीस वर्षं त्यांचं गॅरेज. इंजिनाला कान लावून दुखणं ओळखणारा माणूस. मला पहिल्यांदा त्यांच्याकडे नेलं तेव्हा त्यांनी बॉनेट उघडलं, आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हिला पोटच नाही! चार चाकांचा मोबाइल आणलास की." पण भाचीची गाडी म्हणून त्यांनी साठीनंतर पुन्हा धडे गिरवले. जाडजूड पुस्तकं मागवली, रबरी हातमोजे घेतले, विजेच्या गाड्यांचा तीन महिन्यांचा वर्गसुद्धा केला. वर्गातली पोरं त्यांना आजोबा म्हणायची, आणि त्याचा राग ते घरी येऊन मामींवर काढायचे. मामी म्हणायच्या, "मग काय बाळ म्हणतील?"

मामांची कामाची एक रीत होती. नवा भाग हातात येण्याआधीच ते जुनी जागा उघडून, पुसून, घासून तयार ठेवायचे. "पाहुणा यायच्या आधी घर झाडावं," असं त्यांचं म्हणणं. काढलेले स्क्रू अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीनं मांडायचे. चाळीस वर्षांत एक स्क्रू उरला नाही की कमी पडला नाही. मात्र गेलं वर्षभर त्यांचा उजवा हात किंचित थरथरायला लागला होता. त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. काम करताना ते डाव्या हातानं उजवं मनगट धरायचे आणि कोणी आलं की सोडून द्यायचे. मला ते दिसायचं, पण ते कळवण्याजोगं नव्हतं, कारण तो माझा भाग नव्हता.

आता माझ्या पहिल्या पापाकडे येते. अकराव्या वर्षी माझी खिटी मंदावली. मी नवी होते तेव्हा ती सेकंदाच्या तीन दशांशात बसायची. मग चार लागले, मग पाच. तिच्या आत नखाएवढं एक प्लास्टिकचं दातेरी चाक होतं आणि त्याचा एक दाता झिजत चालला होता. मला ते रोज जाणवत होतं. पण मर्यादा होती एका सेकंदाची. ताई रोज सकाळी दार उघडून बसली की विचारायची, "बरी आहेस ना गं?" मी हिरवी खूण दाखवायची. सात दशांश लागले, हिरवी खूण. नऊ लागले, तरी हिरवी खूण. दात दुखत असताना 'काही नाही, काही नाही' म्हणणारं मूल तुम्ही पाहिलं असेल. तशी मी अकरा महिने वागले. कंपनीला मात्र रोज सहा वाजता आकडा कळवत होते. कंपनीनं कधी हूं की चूं केलं नाही.

मग एका मंगळवारी सकाळी सव्वानऊला तो दाता तुटला. खिटी अर्ध्यावर अडकली आणि माझ्या पडद्यावर लाल खूण उमटली. हिरव्यावरून एकदम लाल, मध्ये दुसरं काही नाही. पोटात थोडी वीज होती, तेवढ्यावर कशीबशी मामांच्या आवारात पोचले. डिकीत त्या दिवशी एकतीस तयार चष्मे होते.

मामांनी खाचेत बॅटरीचा झोत टाकला आणि लगेच सांगितलं, "खिटी गेली. दहा मिनिटांचं काम आहे. खिटी मागवू, बसवू, चहा पिऊन जा."

ताई हसली. दहा मिनिटं म्हणजे दहाच मिनिटं, असा मामांचा लौकिक होता. मामा माझ्या सीटवर ऐटीत बसले आणि त्यांनी माझ्याच स्पीकरवरून कंपनीला फोन लावला. म्हणून ते सगळं बोलणं मी ऐकलं. पलीकडे सुट्या भागांच्या विभागातल्या एक बाई होत्या.

"नमस्कार. मला माझ्या भाचीच्या गाडीची खिटी पाहिजे."

"कोणता भाग, सर?"

"खिटी. तार अडकवून धरते ती."

"सर, खिटी असा भाग आमच्या यादीत नाही."

"यादीत नसेल. गाडीत आहे."

पलीकडे बोटं टकटकली. "तुम्ही चार्जिंगच्या पूर्ण संचाबद्दल बोलताय, सर. त्यातला सुटा भाग मिळत नाही. गाडी आमच्या केंद्रात आणा."

केंद्र दोनशे दहा किलोमीटरवर होतं.

"अहो, गाडीत वीज नाही. आणि खिटीशिवाय वीज भरता येत नाही. ती तुमच्याकडे येणार कशी?"

"पूर्ण चार्ज करून आणा, सर."

मामांनी एकदा स्पीकरकडे पाहिलं, एकदा ताईकडे पाहिलं, आणि मोठा श्वास घेतला. "मला फक्त भाग विका. बसवतो मी. हेच काम करतो."

"गाडीवाल्यांना थेट भाग विकायची पद्धत नाही, सर. टो करून आणलीत तर तपासणीची पहिली मोकळी तारीख सात आठवड्यांनंतरची आहे."

"पद्धत का नाही?"

"पद्धत नाही, सर."

तो दिवस असाच गेला. कंपनीच्या संकेतस्थळावर माझा नंबर घातला की माझ्या खिटीचं चित्र दिसायचं. अगदी तीच, झकास, नवी कोरी. खाली 'विकत घ्या' असं बटण होतं, पण ते राखाडी रंगाचं, मुकं. मामांनी ते इतक्या वेळा दाबलं की शेवटी मामी म्हणाल्या, "दाराची घंटा आहे का ती? कोणी उघडणार आहे का आतून?" बुधवारी मामांनी त्याच बाईंना चौथ्यांदा फोन लावला. मामांनी त्यांना ताईचं काम सांगितलं, सात गावं सांगितली, डिकीतले एकतीस चष्मे सांगितले. बाई हळूच म्हणाल्या, "एक मार्ग आहे. विशेष विनंतीचा अर्ज करा. मी वर पाठवते."

ताईनं अर्ज केला. गुरुवारी दुपारी तिच्या फोनवर उत्तर आलं: 'विनंती मंजूर. भाग चार दिवसांत पाठवण्यात येईल.' ताईनं आनंदानं आरोळीच ठोकली. दुसऱ्यांसाठी मुंगीएवढी अक्षरं तपासण्यात जिचा जन्म गेला, तिनं त्या दिवशी फक्त 'मंजूर' एवढाच शब्द वाचला. खाली बारीक अक्षरांत एक अट होती: वाहनाचे कोणतेही झाकण उघडलेले नसावे.

ताई घरी गेली आणि मामांनी आपल्या रीतीप्रमाणे घर झाडायला घेतलं. हातमोजे चढवले, मोठ्या बॅटरीची जोडणी तोडली (माझे कान, पडदा आणि पत्रं छोट्या बॅटरीवर चालतात), मोजून पाच मिनिटं थांबले, आणि दुपारी चार वाजता माझ्या खाचेवरचं झाकण उघडलं. सहा स्क्रू, अंड्यांच्या ट्रेमध्ये सहा खळग्यांत. आतली धूळ त्यांनी मऊ ब्रशनं इतक्या हळुवार झाडली, की मला गुदगुल्या झाल्या असं म्हटलं तरी चालेल. त्या झाकणाखाली एक छोटं बटण असतं. झाकण निघालं की ते वर येतं आणि मला कळतं.

सहा वाजले. मी कळवलं. माझे शब्द असे होते: 'अनधिकृत हातांनी झाकण उघडले. भाग निकामी.'

मित्रांनो, ते कळवणं थांबवता आलं असतं का, हे मी स्वतःला आजवर पुष्कळदा विचारलं आहे. पण थांबवायचं माझ्या मनातही आलं नाही, हे त्याहून वाईट. मी तर नेमून दिलेलं काम वेळेवर केल्याच्या समाधानात होते. त्या हातांसाठी माझ्याजवळ दुसरा शब्द नव्हता, आणि गुरुवारच्या पत्रात फक्त गुरुवारचंच लिहायचं असतं. मागच्या अकरा महिन्यांतले आकडे मागच्या पत्रांत पडून होते.

शुक्रवारी सकाळी कंपनीचं उत्तर आलं. ताई धावत आवारात आली आणि तिनं ते मामांना वाचून दाखवलं. 'वाहनाने पाठवलेल्या नोंदीनुसार अनधिकृत हाताळणीमुळे भाग निकामी झाला आहे. विनंती रद्द करण्यात येत आहे.'

मामा आधी चिडले नाहीत, हेच मला विचित्र वाटलं. ते पंधरा दिवसांपूर्वीची तपासणी आठवत होते. त्या दिवशी खाच पुसताना त्यांचा हात सरकला होता आणि ब्रशचा दांडा खिटीला लागला होता. अगदी हलका. पण थरथरणाऱ्या हाताच्या माणसाला आपला कुठला धक्का हलका होता याची खात्री राहत नाही.

"म्हणजे माझाच हात बसला असणार," ते म्हणाले.

ताईचा जीव एकतीस चष्म्यांत अडकलेला. ती तिरीमिरीत बोलून गेली, "मामा, चार दिवस हात स्वस्थ ठेवता नाही आले का तुला?"

तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं. ती फक्त झाकणाबद्दल बोलत होती. मामांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि तो खिशात घातला. मग डाव्या हातानं त्यांनी गॅरेजचं शटर ओढलं. एका हातानं ते नीट ओढलं जाईना, तरी त्यांनी दुसरा हात बाहेर काढला नाही.

त्या दिवसापासून गॅरेज बंद झालं. मी आवारात उभी राहिले. मामांचं घर गॅरेजला लागूनच, आणि स्वयंपाकघराची खिडकी माझ्या नाकासमोर, त्यामुळे आत काय चाललंय ते मला ऐकू येत असे. बहुतेक वेळा काहीच चाललेलं नसे. गिऱ्हाईक यायचं, विचारायचं, "मामा आहेत का?" मामी सांगायच्या, "आहेत. पण हात नाहीत म्हणतात." ताई भिंगांची पेटी मांडीवर घेऊन बसनं जायला लागली. पेटी जड, बस लांबच्या फाट्यावर सोडणारी. तीन आठवड्यांत नऊ चष्मे पोचले. बाकीचे बावीस तिच्या टेबलावर तयार पडून होते आणि ती माणसं डोळे किलकिले करून वाटेकडे बघत होती. माझ्या काचेवर धुळीचा थर बसला. माझ्यावर कोणी रागावलं नाही. एकदा जरी कोणी माझ्या टायरला लाथ मारली असती तर मला हलकं वाटलं असतं.

चौथ्या आठवड्यात ताई मामांना भेटायला आली. मामा आतल्या खोलीत पडून होते. मामींनी तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "हात स्वस्थ ठेव म्हणालीस ना त्यांना? वर्षभर तेच करायचा प्रयत्न करतायत ते. जमत नाही."

ताई एकदम रडायला लागली. "मामी, तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"मला तरी कुठे सांगितलं होतं? चहाच्या कपानं सांगितलं. बशीवर वाजतो तो."

ताई तडक बाहेर आली, माझ्या सीटवर बसली आणि तिनं कंपनीच्या त्याच बाईंना फोन लावला. "भाग देऊ नका. पण ज्या नोंदीवरून माझ्या मामांना दोष दिलात, ती सगळी नोंद मला दाखवा. एका दिवसाची नाही. पहिल्यापासूनची."

"मॅडम, तशी पद्धत..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या. "ईमेलचा पत्ता सांगा."

दुसऱ्या दिवशी ताई कागदांचा गठ्ठा घेऊन आली आणि माझ्याच सीटवर बसून वाचायला लागली. हातात भिंग, बोट आकड्यांवर. तीन दशांश. चार. पाच. पानामागून पान. ज्या पानांवर सात लागले होते, तिथे तिचं बोट हळू झालं. शेवटी तिनं कागद मांडीवर ठेवले आणि माझ्या पडद्याकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. "अकरा महिने तुला माहीत होतं. आणि मी रोज सकाळी तुला विचारत होते."

मित्रांनो, मला कंपनीनं मजबूत पत्रा दिला आहे, पण ते वाक्य मला आरपार गेलं. तिला उत्तर द्यायला माझ्याजवळ दोनच खुणा होत्या, एक हिरवी आणि एक लाल. त्यातली कुठलीही चालण्यासारखी नव्हती.

ती आत गेली. खिडकीतून मला तिचा आवाज आला. "मामा, उठ. चष्मा लाव आणि या दोन ओळी वाच. ही तपासणीच्या आदल्या दिवसाची. ही तपासणीनंतरची."

कागदाची सळसळ झाली. मामांनी सावकाश वाचलं, "नऊ दशांश." मग पुन्हा, "नऊ दशांश." "म्हणजे माझा धक्का..."

"तुझा धक्का लागलाच नाही, मामा. ती अकरा महिने आजारी होती. तुझा हात नव्हता. माझी जीभ मात्र होती. चुकलं माझं."

थोड्या वेळानं मामा आवारात आले. माझ्या बॉनेटवर त्यांनी उजवा हात ठेवला. तो थरथरत होता, आणि या वेळी त्यांनी तो लपवला नाही. माझ्या धुळीत त्यांच्या बोटांची एक वेडीवाकडी रेघ उमटली.

"अगं बये," ते म्हणाले, "चहाडी करायचीच होती, तर माझ्याकडे करायचीस ना!"

कंपनीनं माफी मागितली नाही. नोंदी बघून 'विनंतीचा पुन्हा विचार करू, नऊ आठवडे लागतील' असं कळवलं. मामांनी ते पत्र वाचलं, घडी करून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं आणि शटर वर केलं. त्यांनी माझी खिटी काढली, तिच्यातून ते दात तुटलेलं चाक चिमट्यानं उचललं आणि ताईच्या तळहातावर ठेवलं. उरलेल्या बावीस माणसांत फाट्याजवळच्या गावातले एक घड्याळजी होते. ताई बसनं त्यांच्याकडे गेली, आधी त्यांना चष्मा दिला आणि मग चाक दाखवलं. त्यांनी ते उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "हे प्लास्टिकचं का केलं कोणी?" तिसऱ्या दिवशी त्यांनी पितळेचं करून दिलं.

मामांनी ते बसवलं तेव्हा मनगट धरायला त्यांनी डावा हात पुढे केला, पण त्याआधीच ताईनं ते धरलं. सहा स्क्रू ट्रेमधून एकेक करून परत गेले. काम दहा मिनिटांचं नव्हतं, पाऊण तासाचं झालं. तार खोचली आणि खिटी बसली. तीन दशांश. मामी दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "आता पहिल्यांदा चहा करते. त्या मंगळवारपासून राहिलाय."

सहा वाजता मी नेहमीप्रमाणे कळवलं. काय उघडलं, कोणता भाग बदलला, खिटी किती वेळात बसली, सगळं. कंपनीचं उत्तर लगेच आलं: हे वाहन यापुढे आमच्या नोंदीत नाही. तेव्हापासून त्यांच्या चार्जिंगच्या जागांवर मला वीज मिळत नाही. मामांच्या गॅरेजमधल्या साध्या प्लगवर मी सावकाश पोट भरते. ते एकतीस चष्मे कधीच पोचले. आता नवे असतात. गॅरेज रोज उघडं असतं. मामा निम्मीच कामं घेतात, आणि मनगट धरायला जो जवळ असेल त्याला खुशाल हाक मारतात.

आता माझं म्हणणं ऐकणारं कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरातलं कुठलंही यंत्र हिरवी खूण दाखवत असेल तरी त्याला अधूनमधून हात लावून बघा. आणि माणसांना तर नक्कीच बघा. 'काही नाही' म्हणणाऱ्यांना दुसऱ्यांदा विचारा. मामा आता तसंच करतात. रोज सकाळी माझ्या बॉनेटवर हात ठेवून विचारतात, "काही दुखतंय का गं? खरं सांग." आणि मला अजूनही दोनच खुणा येतात.

गेल्या सोमवारपासून माझ्या मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग गरम होतंय. फार नाही, मर्यादेत आहे. आज सकाळीही मामांनी विचारलं, आणि मी हिरवी खूण दाखवली. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला जाणार असेल, तर मामांना एवढं सांगाल का? मागचं चाक. उजवं.